गुलमर्गचा स्की कोर्स आणि अडलेला वैद्यकीय दाखला

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरवत असाल तर विमानाचं तिकीट, थर्मल, हातमोजे हे सगळं राहू द्या. आधी वैद्यकीय दाखला हातात घ्या. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी त्या एका कागदाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. तुमचं तापू नये म्हणून लिहिते आहे.

कोर्स शोधणं अवघड नाही. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, तिथल्या प्रशासनाची खातीही कोर्स घेतात, शिवाय खासगी प्रशिक्षक आहेतच. सरकारी कोर्स खिशाला परवडतो आणि जागा लवकर भरतात. अर्ज, फोटो, आधारची प्रत हे सगळं एका संध्याकाळी झालं. माझ्या अर्जासोबत दाखल्याचा एक नमुना होता: एमबीबीएस डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का.

आमचे घरचे डॉक्टर बीएएमएस. मला लहानपणापासून ओळखतात, पण नमुन्यात त्यांची सही चालणार नव्हती. गावातल्या एका एमबीबीएस डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, सगळं उत्तम म्हणाले आणि स्कीइंग हा शब्द वाचून कागद परत दिला. "तिथे हातपाय मोडला तर माझी सही निघेल." म्हणून सरकारी रुग्णालयात गेले.

केस पेपर काढला, ओपीडीच्या रांगेत उभी राहिले. खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, "ताई, फिटनेस कशाला? नोकरी लागली का?" मी सांगितलं, काश्मीरला बर्फातल्या खेळाचा कोर्स आहे. "मग नाही होणार. आपल्याकडे नोकरीचा नमुना आहे, अमरनाथचा आहे. खेळाचा नाही." मी माझा छापील नमुना पुढे केला. तो आमचा नाही, म्हणाले. मोठ्या साहेबांना विचारावं लागेल. मोठे साहेब शिबिराला गेलेले. पुढच्या वेळी मीटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी साहेब होते, तर शिक्का ज्यांच्या कपाटात असतो त्या बाई रजेवर. दर खेपेला नवा केस पेपर, कारण जुना त्याच दिवसापुरता.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगते. अमरनाथची गुहा साधारण 3880 मीटरवर आहे. गुलमर्ग स्वतः 2650 मीटरच्या आसपास, आणि तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ 4000 मीटरवर नेऊन सोडतो. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे यात्रेकरूला ज्या उंचीचा धोका, तोच मला. तितक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो. डोकं दुखतं, मळमळतं, धाप लागते, आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार लपलेला असेल तर जिवावर बेतू शकतं. दाखला मागतात ते बरोबरच आहे. पण इतक्या खेपांत मला कुणी विचारलं नाही की बाई, तुम्ही किती उंचीवर जाणार, दमा आहे का, जिना चढताना छातीत दुखतं का. सगळी चर्चा नमुना कुणाचा आणि शिक्का कुठे याचीच. तिकडे कोर्सच्या जागा भरत होत्या.

सुटका झाली ती एका तरुण वैद्यकीय अधिकारी बाईंमुळे. त्या दिवशी ओपीडीला त्या होत्या. मी सरळ म्हटलं, "मॅडम, अमरनाथला जाणाऱ्याला जे तपासता तेच मला तपासा, आणि काय दिसेल ते लिहा." त्यांनी ईसीजी काढायला लावला, हिमोग्लोबिन, साखर पाहिली, घरात कुणाला हृदयविकार आहे का विचारलं, आणि चढताना डोकं दुखू लागलं तर वर न जाता खाली उतरायचं हेही बजावलं. मग माझ्याच नमुन्यावर सही केली आणि शिक्का स्वतः उठून आणला. जावक क्रमांक पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन आधी घरी फोन केला.

तेव्हा तुम्ही जाल तर दाखला मागताना "खेळ" शब्दापासून सुरुवात करू नका, उंची किती ते आधी सांगा. ईसीजीचा कागद सोबत न्या. आणि नोव्हेंबर उजाडताच मागे लागा.

पुढचं सगळं सुखाचं. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ पडला असेल तर वाटेतल्या टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, तिथे वाद घालू नका. वरचा घाट खरोखर निसरडा असतो. नवशिक्यांना गोल्फच्या मैदानाजवळच्या सौम्य उतारांवर शिकवतात. इंग्रजांच्या काळात उन्हाळ्याचं थंड ठिकाण म्हणून हे गाव वाढलं, गोल्फही त्यांनीच आणलं, आणि 1927 मध्ये इथेच स्की क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. त्या काळी लोक स्की खांद्यावर टाकून डोंगर चढत आणि एकदाच घसरत खाली येत. गोंडोलाचं काम 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, अशांततेमुळे थांबलं, आणि कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा 1998 मध्ये, अफरवटचा दुसरा 2005 मध्ये चालू झाला. ज्या वर्षांत काश्मीरला कुणी जात नव्हतं त्या वर्षांनंतर हे उभं राहिलं, याचा तिथल्या प्रशिक्षकांना अभिमान आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान याच परिसरातला, हेही ते आवर्जून सांगतात.

पहिले काही दिवस फक्त पडायचं कसं, उठायचं कसं आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबायचं कसं. बूट घट्ट वाटले तरी सैल मागू नका, सैल बुटात घोटा फिरतो. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरचे उतार नवशिक्यांचे नाहीत. तिथे आखलेल्या वाटा फारशा नाहीत, हिमस्खलनाचा धोका असतो, आणि वारा किंवा ताजा बर्फ जास्त असला की तो टप्पा बंदच ठेवतात. वर जाऊन फक्त बघून यायचं असेल तर गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे असू द्या.

तारखा निवडायला मिळाल्या तर फेब्रुवारी घ्या. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, थंडीचे खरे. पण बर्फ वेळेवर येईलच असं आता राहिलेलं नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची मैदानं कोरडी होती.

एक राहिलंच. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. निघण्याआधी बदलून घ्या, आणि दाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण नोंदणीच्या टेबलावर मूळ प्रत जमा करून घेतात.