धुराड्यापाशी अडकलेले आमचे रेस्टॉरंट : माझा अनुभव

लंडनमध्ये पश्चिम आफ्रिकी जेवणाचे आधुनिक रेस्टॉरंट सुरू करायला आम्हांला चौदा महिने लागले, आणि त्यांतले आठ महिने किचनमधला धूर छतावर नेणाऱ्या एका पत्र्याच्या नळीपायी, म्हणजे डक्टपायी, गेले. जागा कशी मिळवलीत, बँकेने काय विचारले, माणसे कुठून आणलीत, असे लोक मला विचारतात. ते सगळे होऊन गेले आणि त्यातले फारसे आठवतही नाही. डक्ट मात्र अजून स्वप्नात येतो.

माझी भागीदार नायजेरियातल्या लागोसची. शेफ ती; मी साताऱ्याहून हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला, बारा वर्षे इतरांच्या किचनमध्ये काढून शेवटी फायलींना चिकटलेला माणूस. पश्चिम आफ्रिकी धाटणीचे ‘इकोयी’ रेस्टॉरंट आमच्या आधी, २०१७ मध्ये, लंडनमध्ये उघडले होते, आणि इथल्याच ब्रिक्स्टनच्या बाजारात २०२० मध्ये ‘चिशुरू’ सुरू करणाऱ्या आदेजोके बकारे यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेलिनचा तारा, म्हणजे रेस्टॉरंटांसाठीचा मोठा मान, मिळाला, ‘अकोको’ या तशाच रेस्टॉरंटलाही त्याच वेळी. त्यामुळे जोलोफ भात (टोमॅटो-मिरचीत शिजवलेला) म्हणजे काय, हे गुंतवणूकदारांना समजावण्याचे आमचे कष्ट वाचले. परवानग्या देणाऱ्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फायलीत मात्र ताऱ्यांचा रकाना नसतो.

माझ्या भागीदाराच्या लेखी आधुनिक म्हणजे मूळ चव मवाळ करणे नव्हे. मोइमोइसाठी ती रीतीप्रमाणे चवळी भिजवते, साले चोळून काढते, मिरचीबरोबर वाटून वाफवते. बदलतो तो आकार, सोबतचे पदार्थ आणि ताटातली मांडणी. फोनिओ हे आपल्या वरीसारखे बारीक धान्य ती भातासारखे मोकळे शिजवते. आणि सुया, म्हणजे शेंगदाण्याची पूड, आले आणि तिखट चोळून काडीवर भाजलेले गोमांसाचे काप, ती केवळ निखाऱ्यावरच करते. (हा शब्द फोनवर ऐकून आईने मला शिवणकाम कधीपासून सुरू केलेस, असे विचारले होते.) गॅसवर भाजून पाहू, असे मी एकदाच सुचवले आणि त्यानंतर दोन दिवस आमचे बोलणे हिशेबापुरते उरले.

निखारे म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे डक्ट. १ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान आणि रेस्टॉरंट एकाच वापरवर्गात आल्यामुळे, दुकानाचे रेस्टॉरंट करायला वेगळी परवानगी लागत नाही, या आनंदात आम्ही करारावर सह्या केल्या. इमारतीच्या बाहेरून डक्ट चढवायला मात्र कौन्सिलकडून प्लॅनिंगची, म्हणजे बांधकामाची, परवानगी लागते, हे आम्हांला नंतर उमगले. म्हणून सांगतो, सही करण्यापूर्वी मालकाकडून डक्टची लेखी संमती घ्या. आमच्या मालकाने ती द्यायला सहा आठवडे लावले.

अशा अर्जाचा निकाल आठ आठवड्यांत लागावा, असा नियम आहे. आमच्या फायलीवर वासाच्या धोक्याचे गुण लावण्यात आले. धूर कुठे सुटतो, सर्वांत जवळची खिडकी किती अंतरावर आहे, किचन केवढे आहे आणि जेवण कोणत्या प्रकारचे, यांवर हे गुण ठरतात. इटालियन आणि फ्रेंच जेवणाला गुण कमी, भारतीय आणि थाई जेवणाला जास्त. आमच्यापुढे ठेवलेल्या तक्त्यात आफ्रिका हा शब्दच नव्हता. अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे विचारले, ‘मग तुम्हांला भारतीय धरू का?’ माझी भागीदार माझ्याकडे पाहत राहिली. कोळशामुळे आमची रवानगी अखेर सर्वांत वरच्या गटातच होणार होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी तो प्रश्न तिला अजून बोचतो.

खरी माती खाल्ली आम्हीच. आमच्या सल्लागाराने खिडकीचे अंतर नकाशावर मोजून २२ मीटर लिहिले होते आणि मी अहवाल न वाचता पुढे पाठवला होता. वीस मीटरच्या आत खिडकी असली की गुण वाढतात. पाहणीच्या दिवशी अधिकारी मागच्या बोळात उभा राहिला, त्याने टेपचे टोक माझ्या हातात दिले, आणि भिंतीपासून शेजारच्या इमारतीतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत साडेअकरा मीटर भरले. खिडकीत एक बाई चहाचा कप घेऊन आमच्याकडे पाहत होत्या. अहवाल नव्याने करावा लागला आणि सात आठवडे गेले.

त्यानंतर दर पंधरवड्याला मुदतवाढीला संमती मागणारे पत्र येऊ लागले आणि मी ती मुकाट्याने देत गेलो. तसे करू नका. संमती देताना तारीख लिहा आणि नेमके काय बाकी आहे, ते लेखी विचारा. मुदत टळूनही निकाल आला नाही तर अपील करता येते, हे मला पाचव्या महिन्यात कळले.

त्याच खिडकीतल्या बाईंनी वासाविषयी हरकतही नोंदवली होती, आमची शेगडी पेटण्यापूर्वीच. मला राग आला, पण तो पुरता न्याय्य नव्हता. इरू म्हणजे आंबवलेल्या बियांचा मसाला. त्याची बरणी आईने इथे आल्यावर उघडली, तेव्हा तिने सुकट कुठे ठेवलीस, असेच विचारले होते. आम्ही बाईंना घरी जेवायला बोलावले. हरकत त्यांनी मागे घेतली नाही, मात्र त्यांची मुख्य भीती वासाची नसून रात्री घरघरणाऱ्या पंख्याची होती, हे जेवताना समजले. आम्ही आराखड्यात आवाज दाबणारी जोडणी वाढवली आणि माझ्या मते तिथेच गाडी हलली.

परवानगी आली ती अटींसह: कोळशाच्या शेगडीला स्वतंत्र डक्ट, छताच्या माथ्यापेक्षा एक मीटर उंच तोंड, तेलकट धुराची गाळणी आणि फिल्टर बदलल्याची नोंदवही. सगळ्या शेगड्या मिळून जेवढा खर्च झाला, त्याहून जास्त या एका धुराड्याला आला. स्वच्छतेच्या तपासणीत पाचपैकी पाच मिळाले, त्याबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही. उघडण्याच्या २८ दिवस आधी नोंदणी केली की झाले.

दारूच्या परवान्याची सूचना फिकट निळ्या कागदावर छापून सलग २८ दिवस दर्शनी भागात लावावी लागते, हे सांगायचे राहिले. आम्ही ती काचेच्या बाहेर लावली होती आणि अकराव्या दिवशी पावसाने तिचा लगदा केला. ती आतल्या बाजूने लावा आणि रोज फोटो काढून ठेवा.