पन्हाळा ते पावनखिंड: दुसऱ्या खेपेला जमलं

गेल्या वर्षी ही वाट मी अर्ध्यात सोडली, ती बुटांपायी. दम शाबूत होता, गुडघेही बरे होते. खोटवाडीच्या अलीकडच्या उतारावर उजवा पाय चिखलातून उपसला तर बूट तेवढा वर आला, सोल खालीच राहिला. महागाचे बूट होते, जेमतेम दोनदा घातलेले. चार वर्षं माळ्यावर कागदात गुंडाळून जपून ठेवले होते. तीच चूक. अशा बुटांच्या सोलमधलं पॉलियुरेथेन नुसतं पडून असलं तरी दमटपणानं आतून सडतं, वरून काही कळत नाही. सुतळीनं सोल बांधून कसाबसा करपेवाडी गाठली आणि तिथून गाडीनं घरी. मेव्हणा वाटभर एकच विचारत होता, "दाजी, बाजीप्रभूंच्या पायात काय होतं ओ?"

यंदा पुन्हा जायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम बुटांचं. साधेच घेतले, पण खोल खाचांचे, आणि निघायच्या आधी महिनाभर रोज घातले. दुसरं काम सरावाचं. मी कोल्हापूरचा, त्यामुळे चालायचं म्हटलं की रंकाळा. पण रंकाळ्याच्या सपाटीवर कितीही फेऱ्या मारा, उतार उतरायची सवय पायांना लागत नाही आणि या वाटेवर माणूस थकतो तो उतरताना. म्हणून जोतिबाच्या पायऱ्या धरल्या. चढताना देवाचं नाव, उतरताना मांड्यांचं.

वाट सगळी मिळून ५० किलोमीटरच्या आसपास. दोन दिवस, मध्ये एक मुक्काम. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघाले ती ही वाट. त्यांनी ती रात्रीत तुडवली, तीही त्या पावसात. दर वर्षी १२-१३ जुलैला मोहिमांचे मोठमोठे जथे निघतात. आम्ही मुद्दाम त्यानंतरच्या आठवड्यात गेलो. फायदा एवढा की वाट ठळक झालेली असते. तोटा असा की शेकडो पायांनी मळलेला चिखल आपल्या वाट्याला येतो. पुन्हा गेलो तर आधीच्या आठवड्यात जाईन.

पन्हाळ्यावरून उतरून तुरुकवाडीवरून मसाई पठारावर चढलो तर समोर नुसतं धुकं. मेव्हणा दहा पावलं पुढे गेला की दिसेनासा. हे पठार म्हणजे जांभ्याचा प्रचंड ओटा. पावसाळ्यात त्यावर घोट्याएवढं पाणी साचतं आणि वाट त्यातच विरघळते. देवीच्या देवळापर्यंत ठीक होतं. पुढे दगडावर रंगवलेल्या बाणांच्या भरवशावर निघालो आणि अर्ध्या तासानं त्याच डबक्यापाशी परत आलो. तेव्हा शहाणपण सुचलं: बाण दिसल्यावर एकानं तिथंच उभं राहायचं, दुसऱ्यानं पुढचा शोधायचा, सापडला की हाक मारायची. वेळ गेला, पण पुन्हा चकवा बसला नाही.

पन्हाळ्यापासूनची ही धार म्हणजे दोन नद्यांमधली भिंत. एका अंगाला वारणेचं खोरं, दुसऱ्या अंगाला कासारीचं. दोन्हींचं पाणी शेवटी कृष्णेलाच जातं, एकीचं हरिपुराजवळ, दुसरीचं पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला. मी हे मेव्हण्याला सांगायला गेलो तर तो म्हणाला, आत्ता सगळं पाणी माझ्या बुटात चाललंय.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोटवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. भाताची खाचरं, इरली पांघरून वाकलेल्या बायका, चिखलाचा आणि शेणाचा एकत्र वास. रोपलावणीच्या दिवसांत बांधावरून चालायचं असलं तर विचारून चालावं. ओल्या बांधाला बुटाची टाच लागली की तो ढासळतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. आम्हाला एका मावशींनी बरोबर झाडलं. "पावनं, खालनं जावा की. बांध काय सरकारचा हाय?" खालनं गेलो, गुडघाभर चिखलातून.

दुपारी चारच्या सुमारास ओढा आला. गेल्या वर्षी मी तो पिंडरीभर पाण्यातून ओलांडला होता. आता लाल पाणी, मांडीच्या वर, आणि आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येईना. मेव्हणा म्हणाला, हात धरून जाऊ. मलाही तेच बरं वाटत होतं, कारण अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा होता. पलीकडे घोंगडं पांघरलेले एक म्हातारे म्हशी घेऊन उभे होते. त्यांनी हातानंच थांबायची खूण केली आणि आमच्या काठाकडे बोट दाखवून काठी रोवल्यासारखं केलं. मला उमजायला वेळ लागला. मग पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि बसून राहिलो.

हे ओढे पठारावरून येतात, त्यांची धाव आखूड. वर सर कोसळली की फुगतात, सर थांबली की तेवढ्याच घाईनं उतरतात. पाऊण तासात काटकी पाण्यापासून हातभर दूर गेली. मामा पलीकडून ओरडले, "आता या!" कंबरेचा पट्टा सोडून सॅक मोकळी केली, प्रवाहाकडे तोंड केलं आणि एकेक पाऊल आडवं सरकवत गेलो. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं, तरी मधोमध पायाखालचा गोटा हलला तेव्हा पोटात गोळा आला. पाऊण तास आधी उतरलो असतो तर काय झालं असतं, ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.

मुक्काम एका घरी. तांदळाची भाकरी, झुणका, खर्डा. कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकच्या आत प्लास्टिकच्या जाड पिशवीत गाठ मारून ठेवला होता. वरचं कव्हर असल्या पावसात नावालाच असतं. तो जोड फक्त झोपण्यापुरता. सकाळी पुन्हा कालचे गार, ओले कपडे अंगावर चढवायचे, आणि या दोन दिवसांतला सगळ्यात अवघड क्षण तोच.

दुसरा दिवस झाडीचा, त्यामुळे जळवांचा. मोज्यांवरून तंबाखूचं पाणी चोळलं होतं. थोड्या कमी चढल्या, एवढंच. आंबेवाडीनंतर वाटेत धनगरवाडे, मग पांढरेपाणी. तिथून पुढे मी फारसं काही बघितलं नाही, पावलं मोजत होतो.

पावनखिंडीत उतरलो तेव्हा खिंड पाण्यानं भरून वाहत होती. दोन्ही अंगांनी कातळ, माणसं एका वेळी किती जातील हे बघितल्यावरच कळतं. आम्ही खाऊनपिऊन, झोपून, दोन दिवसांत आलो होतो आणि पाय थरथरत होते. बाजीप्रभू आणि त्यांची माणसं रात्रभर चालून इथं उभी राहिली, आणि लढाई तिथून सुरू झाली. मेव्हणा पहिल्यांदाच गप्प होता.

परत येताना गाडीत दोन तासांत सगळं मागे पडलं. रात्री बूट धुतले, आत पेपरचे बोळे कोंबले आणि गॅलरीत वाळत टाकले. सकाळी बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, कालचा पेपर कुठाय? मी वाचला नव्हता."