अंधारात हाताने ओळखायचे घर

जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरातील फुगराय या वस्तीत मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती एका घराच्या दाराशी. घंटा वाजवण्यासाठी तिथे एक लोखंडी मूठ लोंबत होती, पाइनच्या बोंडाच्या आकाराची. दुसऱ्या एका दाराची मूठ तीन पानांच्या आकाराची होती. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी काळोखात परतणारा माणूस ही मूठ चाचपून आपले दार ओळखत असे, असे तिथे सांगतात.

ऑग्सबुर्ग हे विणकरांचे शहर. उभा धागा लिननचा आणि आडवा कापसाचा, असे जाड कापड इथे विणले जाई आणि त्यासाठी लागणारा कापूस पूर्व भूमध्य समुद्राकाठून व्हेनिसमार्गे येई. माग एकट्या पुरुषाच्या बळावर चालत नसे. बायका सूत कातत, मुले कांड्या भरत, आणि तरीही सारे पोट हातावरचेच असल्यामुळे कर्ता माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला की भाकरीसुद्धा उधारीवर येई. अशा कष्टकरी पण गरिबीत सापडलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये ही वस्ती कायमची लावून दिली. त्याचे आजोबा हान्स हे स्वतः १३६७ मध्ये खेड्यातून आलेले विणकर होते. वर्षाचे भाडे गुल्डन हे त्या काळचे एक नाणे आणि दात्यासाठी रोज तीन प्रार्थना, एवढीच अपेक्षा होती.

मला मात्र भाड्यापेक्षा घरांची रचना अधिक मोलाची वाटते. वरच्या आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांना रस्त्यावरून स्वतंत्र दारे आहेत, त्यामुळे कुणालाही दुसऱ्याच्या घरातून जावे लागत नाही. मदतीवर जगणाऱ्या माणसालाही स्वतःचा उंबरठा असावा, हा विचार त्या काळी कुणी केला, याचे मला फार अप्रूप वाटते. दक्षिण जर्मनीतील जुन्या घरांप्रमाणे बसायच्या खोलीतील शेगडीत लाकडे घालायची ती भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून, म्हणजे खोलीत ऊब येई आणि धूर मात्र पलीकडेच राही. हिवाळ्यात सारे कुटुंब याच एका खोलीत एकवटत असणार.

पुढे सतराव्या शतकात युरोपात पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात शहराची लोकसंख्या चाळीस हजारांहून घसरून १६३५ मध्ये सुमारे सोळा हजारांवर आली आणि वस्तीचीही मोठी पडझड झाली. ती पुन्हा उभी राहिली. १६८१ मध्ये फ्रान्झ मोझार्ट नावाचा एक गवंडी, संगीतकार मोझार्टचा पणजोबा, हलाखीमुळे इथे राहायला आला आणि १६९४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला.