शनिवारी सहाला बंद होणारं दुकान

फिनलंडमध्ये शनिवारी रात्री कुणाला जेवायला बोलावलं असेल, तर वाइनची बाटली संध्याकाळी सहाच्या आत आणून ठेवायची. सहाला 'आल्को' हे सरकारी दुकान बंद होतं, ते थेट सोमवारी सकाळी नऊला उघडतं. सुपरमार्केटात आठ टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, तीही रात्री नऊपर्यंतच. नवीन आलेली आपली माणसं या वेळांवर फार चिडतात. पण या देशाने तेरा वर्षं पूर्ण दारूबंदी करून पाहिली आहे, आणि आल्को तिच्यातूनच जन्मलं.

संसदेने 1907 सालीच दारूबंदीचा कायदा केला होता, पण फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होतं आणि रशियाच्या झारने तो अडवला. झार गेल्यावर 1917 मध्ये मंजुरी मिळाली आणि 1 जून 1919 पासून दोन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं सगळं बंद झालं. सूट होती ती औषधाला आणि उद्योगाला.

खरी चूक या दोन टक्क्यांत होती. साधी बिअरसुद्धा बेकायदा ठरली. मग चोरूनच आणायचं तर बिअर कोण आणणार? बोटीत जागा तेवढीच, म्हणून एस्टोनिया-जर्मनीकडून 96 टक्क्यांचं स्पिरिट यायला लागलं. इथे त्याला 'पिर्तू' म्हणतात. दहा लिटरचा पत्र्याचा डबा, त्यात तेवढंच पाणी घातलं की जवळपास वीस लिटर कडक दारू तयार. हलकं पिणारेही असे कडक पिण्याकडे ढकलले गेले. कॅफेत ती चहाच्या कपातून यायची, 'कडक चहा' या नावाने.

तस्करांची हुशारी मात्र मानावीच लागते. डबे जाळ्यात एकामागे एक बांधायचे, वजन लावायचं आणि ती माळ बोटीमागे पाण्याखालून ओढत न्यायची. गस्तीची बोट दिसली की दोर कापायचा, माळ तळाशी. माळेला एक तरंगता बोया बांधलेला, आणि त्याला खाली धरून ठेवायला मिठाची पिशवी. काही तासांत मीठ विरघळलं की बोया आपोआप वर येतो, आणि तोवर गस्त निघून गेलेली असते. हजारो बेटांच्या या किनाऱ्यावर पुरेल एवढा पहारा ठेवणं सरकारला झेपलंच नाही.

त्यात जागतिक मंदी आली. दारूवरचा कर बुडत होता आणि तिजोरी रिकामी होती. डिसेंबर 1931 च्या सार्वमतात 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी उठवा म्हणून सांगितलं. 5 एप्रिल 1932, सकाळी दहाला दुकानं उघडली. इथल्या पद्धतीने तारीख आणि वेळ लिहिली की आकडे ओळीने उतरतात: 5-4-32-10.

आपल्याकडे दारूबंदी फसते म्हणून कुणी आपल्याला नावं ठेवली तर मला पटत नाही. चंद्रपूरमध्ये 2015 ला आलेली बंदी 2021 ला उठली. तिथे समुद्र नव्हता, पण शेजारचे जिल्हे आणि तेलंगणाची हद्द होती. 1949 चा दारूबंदी कायदा तर महाराष्ट्रात आजही लागू आहे. 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच. आपण कायदा ठेवून परवाने वाटले. फिनलंडने कायदा काढून दुकान स्वतःच्या हातात घेतलं. मला फिनलंडचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. इथे सुपरमार्केटची मर्यादा 2018 मध्ये 4.7 वरून 5.5 टक्के झाली आणि 2024 मध्ये आठ. प्रत्येक वेळी संसदेत जोरदार वाद झाला. वोडका, व्हिस्की आजही आल्कोतच मिळते, आणि तीही वीस वर्षं पूर्ण झालेल्यालाच.