जर्मनीतल्या व्हीपीएसवर परभणीचा कर्नल

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे इकडं सगळेच ऐकत मोठे झालेले. आता आपल्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, दोन्ही एका ओळीत आलेत. त्यावर स्वतः बनवलेला लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बसवलाय. मशीन फ्रँकफर्टचं, आणि युनेम (कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) मारलं की ६.१२ च्या पुढं 'परभणी' अशी शेपटी दिसते. लोकल व्हर्जनला तेच नाव दिलंय, हौस!

करून बघणाऱ्यांनी आधी सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट चालवा, सर्व्हर कुठल्या प्रकारचा आभासी आहे ते ती कमांड सांगते. केव्हीएम (यात स्वतःचा कर्नल चालतो) आलं तर पुढं चला. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी आलं तर विषयच संपला, तिथं कर्नल होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ मशीनचा असतो.

बिल्ड (सोर्स कोडपासून कर्नल तयार करणं) घरच्या पीसीवर केला. एक जीबी रॅमच्या व्हीपीएसवर कर्नल कंपाइल करणं म्हणजे स्वॅपचा (रॅम संपली की डिस्क वापरण्याचा) छळ. सर्व्हरच्या बूट फोल्डरातला कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंग्जची फाइल) आणि एलएसमॉडची, म्हणजे लोड असलेल्या मॉड्यूल्सची (कर्नलच्या सुट्या भागांची) यादी घरी आणली, त्यावर मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवलं. हे फक्त त्या घडीला लोड असलेली मॉड्यूल्स ठेवतं. म्हणून यादी काढण्याआधी वायरगार्ड (व्हीपीएन), फायरवॉल, जे काही लागतं ते सगळं चालू करून घ्या. डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) कॉन्फिग असेल तर सिस्टम ट्रस्टेड कीजची ओळ रिकामी करा, नाहीतर सर्टिफिकेटची फाइल नाही म्हणून बिल्ड मधेच अडतो. डीबग इन्फोही बंद करा, डिस्क वाचते.

बिल्ड चालू असताना लाईट गेलीच. मेक जिथं थांबलं तिथूनच पुढं उचलतं, पण त्याआधी शून्य बाइटच्या डॉट-ओ फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) फाइंडनं शोधून उडवायच्या. त्या राहिल्या तर शेवटी लिंकर (तुकडे जोडणारा) भलतंच काहीतरी बोलतो. पुण्या-मुंबईच्या गाइडमध्ये ही पायरी नसते.

खरा वेळ मात्र परतीच्या वाटेवर घालवला. ग्रबमध्ये (बूटच्या वेळी कर्नल निवडणारा प्रोग्राम) डिफॉल्ट 'सेव्हड' ठेवला, त्यात डेबियनचा जुना कर्नल. नव्याला फक्त ग्रब-रिबूटनं एकदाच संधी. ग्रब ती नोंद बूट करण्याआधीच पुसतो, त्यामुळं नवा आपटला की पुढच्या रिबूटला जुनाच येतो. मात्र बूट फोल्डर एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटणारा थर) असेल तर ग्रबला ती नोंद पुसता येत नाही, तेवढं बघून घ्या. रिबूट आपोआप व्हावा म्हणून कर्नलच्या कमांड लाइनवर पॅनिक=१० (कर्नल कोसळला की दहा सेकंदांनी रिबूट). सिसीटीएलच्या (चालू कर्नलच्या सेटिंग्ज) फाइलमध्ये ठेवून इथं उपयोग नाही, कारण रूट (मुख्य फाइलसिस्टम) माउंटच झालं नाही तर ती फाइल वाचणार कोण? डेबियनचा इनिटरॅमएफएसही (रूट सापडेपर्यंत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) हाच पर्याय बघतो आणि शेलमध्ये बसून राहण्याऐवजी रिबूट करतो.

हे पारखायला मुद्दाम खोट्या यूयूआयडीची (डिस्कवरच्या फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) एक ग्रब एंट्री बनवली आणि तिच्यावर रिबूट मारला. पिंगची खिडकी उघडी होती. दीडशे मिलिसेकंदांच्या आसपासची उत्तरं येत होती, ती बंद पडली. वडील मागून बघत होते, म्हणाले, "मुद्दाम बंद पाडायलास का रे?" रूटची वाट बघण्यात अर्धा मिनिट, त्यावर पॅनिकचे दहा सेकंद, मग रिबूट, आणि उत्तरं परत सुरू. लॉगिन केलं तर जुना कर्नल. यानंतरच नव्याला हात लावला.

एक भोक उरतं. कर्नल नीट उठला पण नेटवर्कच नाही, तर पॅनिक होत नाही. त्यासाठी नव्या कर्नलवर बूट झालं की शटडाउन कमांडनं दहा मिनिटांनंतरचा रिबूट लावून ठेवतो. आत शिरता आलं तर मी हातानं रद्द करतो, नाही आलं तर मशीन स्वतःच जुन्यावर जातं. वेब कन्सोल आहे, पण इथल्या नेटवर तो उघडेपर्यंत चहा होतो.

बीबीआर (नेटवर डेटा किती वेगानं पाठवायचा ते ठरवणारी पद्धत) चालू केलाय. तो ४.९ पासून कर्नलमध्ये आहेच, त्यासाठी नवा कर्नल लागत नाही. लोक उगाच तेवढ्यासाठी बदलतात. लांबच्या, अधूनमधून पॅकेट गळणाऱ्या लाइनवर मोठ्या फाइलला फरक जाणवतो, एसएसएचला (दुरून लॉगिन) काही नाही.

पुढचं काम: लोकलयसकॉन्फिगनं सगळी मॉड्यूल्स कर्नलच्या आतच बसवून इनिटरॅमएफएस काढून टाकायचा. तेव्हा रूटला फाइलसिस्टमचा यूयूआयडी चालणार नाही, कर्नलला एकट्याला तो कळत नाही. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) द्यावा लागेल. कुणी केलं असेल तर कॉन्फिग पाठवा.