केरेतारो: कमानी, कडा आणि द्राक्षबागा

आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून मेक्सिकोला आलेली मंडळी जोडून सुट्टी आली की समुद्रकाठच्या कानकूनचं तिकीट काढतात. राहायचं केरेतारोत, आणि केरेतारो बघायचं ते कंपनीच्या बसमधून. नाशकात उभा जन्म काढून पांडवलेणी न चढलेल्यांची जातकुळी हीच. मी शनिवार-रविवार इथेच भटकतो.

जुनं गाव स्पॅनिश अमदानीतलं, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. पायी सहज बघून होतं. चर्च मात्र ढिगाने, तेव्हा सांता रोसा दे वितेर्बोच्या सोनेरी वेद्या बघा आणि बाकीची खुशाल सोडा. कमानींना हवा तेवढा वेळ द्या. १७२६ ते १७३८ या काळात एका जहागीरदाराच्या पुढाकाराने गावात झऱ्याचं पाणी आणायला हा जलसेतू बांधला. ७४ कमानी, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर. खालून भरधाव मोटारी जातात आणि वर गुलाबी दगड ऊन खात उभा असतो. सगळी ओळ एका नजरेत हवी असेल तर टेकाडावरच्या मिरादोरला, म्हणजे नजारा बघायच्या सज्जाला, जा.

सेर्रो दे लास काम्पानास ही टेकडीही गावातच. १९ जून १८६७ रोजी मेक्सिकोचा सम्राट, मूळचा ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन, याला इथे गोळ्या घातल्या. त्या जागी ऑस्ट्रियाने पुढे छोटं चॅपेल बांधलं. आणि टेकडीच्या माथ्यावर पुतळा कोणाचा, तर ज्याने त्याला माफी नाकारली त्या राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेसचा, तोही अवाढव्य. मेक्सिकन माणूस हिशेब असा चुकता करतो.

पण माझा जीव जडलाय तो बेर्नालच्या कड्यावर. गाव तासाभराच्या अंतरावर, आणि त्याच्या डोक्यावर साडेतीनशे मीटर तरी उंचीचा एकसंध सुळका. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरावर थर, कुठेही बघा, कड्यावर आडव्या रेघा दिसतात. इथे रेघ नाही. सुमारे ८७ लाख वर्षांपूर्वी दाट लाव्हा वर चढता चढता थिजला, भोवतालचं सगळं झिजून गेलं, हा उरला. पायवाट निम्म्यापर्यंतच, तिथे एक लहानसं चॅपेल आहे. पावलांनी घासून दगड गुळगुळीत झालाय, उतरताना बूड टेकायची लाज बाळगू नका. त्यापुढे दोर लागतो. तरी मे महिन्याच्या सुरुवातीला इथले मूळचे ओतोमी-चिचिमेका लोक क्रूस घेऊन माथा गाठतात. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही.

खाली आलात की भरड मक्याची गोर्दिता, म्हणजे सारण भरलेली जाड भाकरी, घ्या, आत नोपाल मागा. नोपाल म्हणजे निवडुंग. काटे काढून, चिरून शिजवतात आणि तो भेंडीसारखा तार सोडतो. शाकाहारी माणसाची इथे चांगली सोय आहे, फक्त भाजी चरबीत परतलेली नाही ना, एवढं विचारून घ्या.

बेर्नालहून एसेकिएल मोंतेसच्या रस्त्याला लागलं की तारांवर चढवलेल्या द्राक्षबागा सुरू होतात. आमची निफाडची बाग, त्यामुळे मी गाडी थांबवतोच. सगळं वाइनचं द्राक्ष, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर. तोडणी भर पावसाळ्यात, म्हणजे घड पिकायला आणि आभाळ भरायला एकच गाठ. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी आणि घडांसाठी ऑक्टोबरची, म्हणजे तोडणी पावसाळ्याबाहेर. तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

"छाटणी कितीदा रे?"

"एकदाच. थंडीत पानं गळून वेल झोपतो, तो उठायच्या आत."

"म्हणजे खरड छाटणी नाही? एप्रिलचा खर्च वाचला की," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "पण पिकल्या घडावर पाऊस? नको रे बाबा. डाऊनीची बुरशी, घडकूज, फवारायचं तरी किती! आपली ऑक्टोबर छाटणी बरी. तू आता औषधं कोणती मारतात ते विचार."

पुढच्या शनिवारी तेच विचारायला जायचंय.