आमची वाटचाल : काटा एकाचा, टाकी दुसऱ्याची

नाना पेठेतल्या आमच्या दुकानावर ‘मीटर दुरुस्ती’ एवढीच पाटी आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणी रिक्षावाले काका भाड्याचा मीटर घेऊन येतात, आणि आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवतो. आमचे मीटर वेगळे. स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, टेंपरेचर, ऑइल प्रेशर, अँपिअर. तेही आता बहुतेक जुन्या गाड्यांचे.

सुरुवात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केली. ते मूळचे घड्याळजी. शेजारच्या गॅरेजवाल्यानं एकदा लुनाचा अडकलेला मीटर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “घड्याळच आहे हे, जरा थोराड.” उघडून पाहिलं तर सामान खरंच ओळखीचं निघालं : केसासारखी स्प्रिंग, दोन टोकांवर टेकलेली बारीक दांडी, आकड्यांची चाकं. चाकाच्या फिरण्यावर फिरणाऱ्या केबलबरोबर आतलं लोहचुंबक फिरतं, त्याच्या ओढीनं ॲल्युमिनियमची वाटी वळते, स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या ओढाताणीत काटा जिथे ठरेल तो वेग. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. हे अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला तितक्याच कौतुकानं सांगायचे, त्याला घाई असली तरी. वर्षभरात घड्याळं मागे पडली.

मी दुकानात बसायला लागलो तोवर धंदा उतरणीला लागला होता. नव्या गाड्यांतून केबल गेली, सेन्सर आले. बिघडलं की अख्खा क्लस्टर, म्हणजे सगळ्या मीटरांचा एकत्र संच, बदलायचा. काही वर्षं आम्ही नुसत्या केबली विकून काढली. तारलं ते हौशी लोकांनी. कुणाची आजोबांची अँबॅसिडर, कुणाची वडिलांची पद्मिनी, कुणी शेतावर गवतात उभी असलेली जीप ओढून आणलेली. मूळचे मीटर मिळत नाहीत, मिळाले तर किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो. मग रविवारी जुन्या बाजारातून भलत्याच गाडीचे मीटर उचलायचे आणि सोमवारी आमच्या टेबलावर ठेवायचे. डॅशबोर्डला भोक ५२ मिलिमीटरचं, मीटरही ५२ चा, म्हणजे बसायला हवा. बसतो. पण खरं सांगत नाही.

हे मला कळलं ते एका पद्मिनीमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९७० च्या दशकातली गाडी. मालक सदाशिव पेठेतले निवृत्त गृहस्थ. त्यांनी एका जर्मन गाडीचे काळ्या डायलचे गोल काटे आणले होते, दिसायला फारच सुंदर. पेट्रोलचा काटा म्हणजे अर्धाच मीटर असतो, उरलेला अर्धा, म्हणजे युनिट, टाकीत, तरंगत्या फ्लोटच्या दांडीला. पेट्रोलच्या पातळीप्रमाणे युनिटचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो आणि काटा त्यावर हलतो. या जर्मन पद्धतीच्या युनिटचा रेझिस्टन्स टाकी रिकामी असताना १० ओहम आणि भरल्यावर १८०. अमेरिकी पद्धतीचं याच्या नेमकं उलट : रिकाम्याला २४०, भरल्यावर ३३. दोघांची गाठ घातली तर टाकी संपत आली की काटा ‘फुल’ दाखवणार. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून मी शहाणपणा केला, त्याच जर्मन गाडीचं टाकीतलं युनिटही मिळवलं. टेबलावर दांडी वर केली, काटा वर. खाली केली, खाली. पैसे घेतले.

तिसऱ्या आठवड्यात खंबाटकीच्या पायथ्याहून फोन आला. आवाज शांत होता, तेच जास्त झोंबलं. “टाकी पाव भरलेली आहे असं तुमचा मीटर म्हणतो. गाडी नाही म्हणते. मी कुणाचं ऐकू?”

पेट्रोलचा कॅन घेऊन मीच गेलो. परत आल्यावर युनिट काढलं तेव्हा उलगडा झाला. त्या जर्मन गाडीची टाकी खोल, म्हणून दांडी लांब. पद्मिनीच्या उथळ टाकीत फ्लोट आधीच तळाला टेकायचा, आणि युनिट ५० ओहमच्या खाली उतरायचंच नाही. टेबलाला तळ नसतो, म्हणून टेबलावर सगळं बरोबर होतं! पितळी दांडी कापून आखूड केली, आणि मग गाडीतच रिकाम्या टाकीपासून पाच-पाच लिटर मोजून ओतत प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून घेतली. तो कागद अजून दुकानात काचेखाली आहे. मजुरी अर्थातच घेतली नाही.

तेव्हापासून कुठलाच मीटर टेबलावर पास करत नाही. स्पीडोमीटरसाठी दुकानासमोरच्या गल्लीत खडूनं दहा मीटरची रेघ मारतो. केबलचं मीटरकडचं टोक सोडवून त्याला पुठ्ठ्याचा बाण लावायचा, गाडी ढकलायची, बाणाचे फेरे मोजायचे. पोरं जमतात, मोजायला मदतही करतात. साडेसात फेरे झाले तर किलोमीटरला ७५०. मीटरला किलोमीटरमागे किती फेरे लागतात ते डायलवर तळाशी बारीक अक्षरांत असतं; आणलेल्या मीटरवर ते १००० असेल, तर गाडी ८० नं पळताना काटा ६० दाखवणार. चुंबकाची ताकद कमी-जास्त करून काटा जागेवर आणता येतो, आणि बरेच जण तेवढंच करून मोकळे होतात. पण किलोमीटरची चाकं दात्यांवर चालतात, ती शंभराला पंच्याहत्तरच मोजत राहतात. म्हणून आम्ही मध्ये छोटा गिअरबॉक्स घालतो. तो भोसरीचे एक लेथवाले करून देतात, त्यांच्या सवडीनं. (किलोमीटर मागे घेऊन द्या म्हणणारेही येतात. त्यांना चहासुद्धा नाही.)

बाकी चुका लोक घरी करून येतात. जुन्या इंग्रजी गाड्यांचे काटे १० व्होल्टवर चालतात, मागे व्होल्टेज तेवढंच राखणारा स्टॅबिलायझर असतो. तो फालतू डबी समजून काढला की काटा कायम चढा आणि काही दिवसांनी जळका. महायुद्धातल्या विलीज जीपचं सगळं ६ व्होल्टचं, तिला १२ ची बॅटरी जोडून वर “मीटरच खराब निघाला” म्हणायचं. अँपिअर मीटरबाबत मात्र मी हट्टी आहे. स्टार्टर सोडला तर जवळपास गाडीचा सगळा करंट त्यातून, म्हणजे डॅशच्या मागून जातो. डायनामो काढून त्याहून जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला असेल तर जुना अँपिअर मीटर ठेवायला मी साफ नकार देतो. व्होल्टमीटर लावा, दोन बारीक वायरी, डॅशमागे आगीची धास्ती नाही. दोन गिऱ्हाइकं यावरून रागावून गेली. एक परत आलं.

आज दुकानात आम्ही तिघं आहोत. अण्णा अजून दुपारी येतात, फक्त स्प्रिंगचं काम करतात, चष्म्यावर भिंग लावून. पद्मिनीवाले काका दर दसऱ्याला गाडी दाखवायला आणतात आणि मुद्दाम विचारतात, “आज मीटर काय म्हणतोय?”

तुमचं काम असेल तर मीटरबरोबर टाकीचं युनिटही आणा, गाडी आणलीत तर उत्तमच. मात्र येताना टाकी रिकामी ठेवा. पेट्रोल आम्ही मोजून भरतो, बिल तुमचं.